जानोशाची सोय

कडुलिंबाचा फुलोरा गळून अंगणात त्याचा पिवळट भुगा साचायला लागला, की नांदेडात दोन गोष्टी एकदम होतात. कोचिंगच्या गल्ल्या रिकाम्या होतात आणि मंगल कार्यालयं भरतात. परीक्षा संपलेली पोरं दोरीनं बांधलेल्या गाद्या खांद्यावर घेऊन बसस्थानकाकडे निघालेली असतात आणि समोरून बँडवाल्यांच्या गाड्या येत असतात. रस्त्यात दोघांची गाठ पडते. गाडीवरचा एखादा उगाच ढोलावर टिपरू आपटतो आणि गादीवाली पोरं तेवढ्यावर दोन पावलं नाचून घेतात. वर्षभर पुस्तकात घातलेली मान वर आलेली असते. मी अशा पोरांना मराठी शिकवतो. मला ते पाहून बरं वाटायला हवं.

पण पेपर संपल्याच्या दुपारी ही पोरं कुठं जातात ते मला माहीत आहे. गावाबाहेर प्लॉट पाडलेत, रस्ते आखलेत, घरं अजून झालेली नाहीत, तिथं मोटारसायकली आडव्या लावून ती गोल करून बसतात. त्यांना चव नको असते, गप्पाही नको असतात. संपवायचं असतं. कोण आधी संपवतो, कोण उलटी न करता उभा राहतो, एवढंच. बारावीचं वर्ष ज्या घाईनं संपवलं त्याच घाईनं ती बाटली संपवतात. एका वर्षी आमच्याच कॉलेजचा एक मुलगा तिथून तीन मित्रांच्या हातांवर दवाखान्यात आला. जगला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप मला म्हणाला, सर, पोरगं हाय, एखाद्या वेळेस होतं. मी त्याला म्हणालो, एखाद्या वेळेसच होतं सगळं. मरणही.

तो बाप नंतर माझ्याशी बोलला नाही. ठीक आहे.

वर्गात एकदा निबंधाचे विषय चालले होते. मागच्या बाकावरचा एकजण उठला आणि फार सभ्यपणे विचारता झाला, "सर, मतदान अठराला, लग्न एकवीसला, अन् दारू पंचवीसला. मंजे सरकारला यातलं सगळ्यात धोक्याचं काय वाटून राहिलं?" वर्ग हसला. मीही हसलो. बियर एकवीसला चालते, बाकीची पंचविसाला, अशी दुरुस्ती शेजारच्यानं तत्परतेनं केली. हा कायदा आमच्या पोरांना निबंधापेक्षा जास्त पाठ असतो. त्यांच्या लेखी तो विनोद आहे, आणि विनोद म्हणून तो चांगलाच आहे. नवरदेवाला स्वतःचं लग्न करायची मुभा आहे, स्वतःच्या लग्नात प्यायची नाही. आणि त्याच्याच लग्नात त्याचा धाकटा भाऊ, मिसरूडही नीट न फुटलेला, पिऊन डीजेच्या ट्रॉलीपुढं आडवा झालेला असतो.

स्टाफरूममध्ये आमचे एक सहकारी आहेत. त्यांचं म्हणणं, वय खाली आणा, अठरा करा, चोरी संपली की घाई संपेल, पोरं चारचौघांत बसून बेतानं पितील. मुद्दा वाईट नाही. पण मी त्यांना विचारलं, आपल्याकडं बेतानं पिणारा तुम्ही किती ठिकाणी पाहिला? आमच्याकडं दारू ताटाशेजारी आलीच नाही कधी. ती गोठ्यामागं आली, नाल्यात आली, वरातीच्या आधी आली. वरात निघायच्या आत संपवायची, हाच तिचा एकमेव रिवाज. तुम्ही आकडा अठरा करा नाहीतर तीस करा. कायदा पिणाऱ्याचं वय विचारतो, विकणाऱ्याचा परवाना विचारतो. ओतणाऱ्याला कुणी काही विचारलेलं मी या जन्मात पाहिलेलं नाही. आणि आमच्या भागात पोराचं वय ओतणारा ठरवतो. बहुतेक वेळा तो मामा असतो.

यंदा हे सगळं माझ्या दारात आलं. माझी मुलगी प्रज्ञा इथंच दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न धर्माबादच्या मुलाशी ठरलं. मुलगा बँकेत, स्वभावानं शांत, वडिलांचा धान्याचा व्यापार. व्याही माणूस गोड. त्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आपलं मागणं कायच न्हाई बघा. हुंडा न्हाई, सोनं न्हाई, गाडी न्हाई. फक्त जानोशात पोरांची सोय तेवढी बघा. त्यात कमी पडू देऊ नका."

जानोसा म्हणजे वऱ्हाड उतरवायची जागा. शाळा, समाजमंदिर, आता कार्यालयाच्या वरच्या खोल्या. तिथं मुलीकडच्यांनी चहा ठेवायचा, पाणी ठेवायचं, आरसा-कंगवा ठेवायचा, आणि मागच्या खोलीत पोरांची सोय ठेवायची. दारू हा शब्द कुणी उच्चारत नाही. सोय म्हणतात. बापाला लाज वाटू नये म्हणून इतका सालस शब्द शोधून काढणारे आम्हीच.

मी फोनवर हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "करून टाका. तुमच्या तत्त्वापायी एकदा अक्कानं भोगलं. आता माझ्या लेकीनं भोगायचं का?"

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. बायकोचं बोलणं खोटं नव्हतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता त्या काळातली गोष्ट. मी लातूरला वसतिगृहात राहून बारावी करत होतो. गावभर नव्या रंगाचा वास असायचा. पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवलेलं, पण उन्हात रंग तडकला की खालची जुनी अक्षरं डोकं वर काढायची. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत. एका कचेरीनं तर न्हाणीघरात फायली रचल्या होत्या. नाहीतरी अंघोळीला पाणी कुणाकडं होतं? दोन पावसाळे कोरडे गेले होते. लातूरच्या गल्लीत रिकाम्या घागरींची रांग माणसांवाचून उभी असायची, प्रत्येकीवर खुणेची चिंधी, आणि त्या रांगेतून वाट काढत नव्या जिल्ह्याचे नवे साहेब जीपमधून जायचे.

आमचं गाव अहमदपूरच्या पलीकडं. तिथं विहिरीत पोहरा सोडला की दगडाचा आवाज यायचा. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी तिच्या पापण्यांवर पांढरी धूळ असायची आणि ती हसली की धूळ पडायची. त्या उन्हाळ्यात तिचं हसणं वाढलं होतं, कारण अक्काचं लग्न ठरलं होतं. नवरदेव भोकरकडचा, आणि नव्या जिल्ह्याच्या भरतीत लातूरला कारकून म्हणून लागलेला. आमच्या वस्तीत सरकारी नोकरीतला जावई पहिल्यांदाच येत होता. आबांची, म्हणजे वडिलांची, चाल बदलली होती. पारावर बसलेल्यांना ते आपणहून राम राम सोडून जयभीम घालायला लागले होते, आणि बसलेलेही, जावई जिल्ह्याच्या कचेरीत आहे म्हणून, मान हलवायला लागले होते.

आबांनी मला बोलावून हातात पैसे दिले आणि अहमदपूरहून सोय आणायला सांगितलं. नवरीचा भाऊ म्हणून ते माझं काम. आणि काम आणण्यापुरतं नव्हतं. आमच्या भागात रीत अशी, की जो आणतो त्यानं सगळ्यांसमोर पहिला घोट घ्यायचा. कधीकाळी कुठल्यातरी लग्नात वाईट माल निघाला असेल. तेव्हापासून आणणाऱ्याचा घोट. त्याला काही झालं नाही की मग बाकीच्यांनी हात घालायचा. माणूस खरा आहे का, हे पाहायची ती पद्धत. तो घोट घेतला की पोरगा माणसांत आला, असंही समजत.

मी वायरची पिशवी घेऊन अहमदपूरला गेलो. दुकानदारानं माझं वय विचारलं नाही. लग्न कोणत्या गावाला, एवढंच विचारलं. मागं खोकी रचलेली होती, छतापर्यंत. गावात एक हंडा पाण्यावरून बायका भांडत होत्या आणि इथं थंडगार अंधारात ओळीनं बाटल्या उभ्या. मला आठवलं, पेपर संपल्यावर आमच्या वसतिगृहात पोरांनी रंगाच्या बादलीत देशी ओतली होती आणि वॉर्डन जेवून परत यायच्या आत ती संपवली होती. माझा खोलीसोबती दुपारभर पालथा पडून होता. त्याच्या नाकाशी मी सारखा हात धरून पाहत होतो. हे आठवलं, आणि हेही आठवलं की परवा मांडवात सगळे हात जोडून पंचशील म्हणणार आहेत, त्यातलं पाचवं मद्यापासून दूर राहण्याचं आहे. गावातल्या सगळ्याच जातींच्या जानोशात ही सोय असायची, आम्ही काही वेगळे नव्हतो. पण आम्ही तोंडानं शब्द देत होतो. शब्द दिलेल्याची गोष्ट वेगळी.

मी दुकानातून बाहेर आलो. माझ्या नकारात तत्त्व किती होतं आणि त्या पहिल्या घोटाची भीती किती होती, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही होतं. शेजारी बर्फाचा डेपो होता. आबांच्या पैशाचा मी बर्फ घेतला, लिंबं घेतली, साखर घेतली. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी एसटीच्या टपावर चढवली. गावाला पोचेपर्यंत ती अर्धी झाली होती आणि टपावरून गळणारं पाणी पकडायला खिडकीतून एक म्हातारी हात बाहेर काढून बसली होती. ओला हात ती परत परत तोंडावरून फिरवायची. मला वाटलं, मी फार चांगलं काम करतोय. अठराव्या वर्षी माणसाला वाटतं की तहानेला पाणी पुरतं.

वऱ्हाड ट्रकमधून आलं, भर दुपारी. शाळेत जानोसा. मी पिंपात सरबत कालवून ठेवलं होतं, वर बर्फाचे खडे तरंगत होते. पोरं ट्रकमधून उड्या मारत उतरली, त्यात नवरदेवाचा धाकटा भाऊ होता, प्रल्हाद. सोळा वर्षांचा. मी लातूरला शिकतो हे कळल्यावर तो मला चिकटलाच. विज्ञानाला प्रवेश मिळतो का, वसतिगृहात जेवण कसं असतं, लातूरच्या पोरांना सगळं इंग्रजीत येतं का, असले प्रश्न. एकामागून एक चार पेले सरबत तो प्यायला आणि म्हणाला, असलं गार पाणी या उन्हाळ्यात पहिल्यांदा बघून राहिलो.

मग नवरदेवाचे मामा आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी मागच्या खोलीत डोकावलं, परत आले, पिंपात डोकावलं.

"सोय कुठाय?"

"हीच," मी म्हणालो.

तात्या पोरांकडं वळून म्हणाले, "हे बारसं हाय का लग्न? नवरीचा भाऊ सरबत पाजून राहिला." पोरं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी जाहीर केलं की सोय झाल्याशिवाय एकही माणूस जानोशातून उठणार नाही. आबा धावत आले, हात जोडले, मला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. मी म्हणालो, मी आणायला जाणार नाही. आबांना ते ऐकूच गेलं नाही असं त्यांनी केलं. आणि तात्यांनी, वेळ जाऊ नये म्हणून, प्रल्हादला सायकल दिली. नाल्यापलीकडं हातभट्टी होती. आबांनीच वाट सांगितली.

प्रल्हाद दारूनं भरलेली रबरी ट्यूब गळ्यात घालून परत आला, घामानं निथळत. त्याला वाटलं काम झालं. तो माझ्याजवळ येऊन बसणार, तेवढ्यात तात्यांनी त्याला ओढलं आणि स्टीलचा पेला भरला. आणणाऱ्याचा घोट. प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलं. विचारल्यासारखं. मी मान वळवली. माझं बोलून झालं होतं असं मला वाटत होतं. स्वतःपुरतं मी नाही म्हणालो होतो. त्यानं डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, टाळ्या पडल्या, कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग बाकीच्यांनी हात घातला. हातभट्टी कोरी जात नाही, घशाला लागते. पाणी नव्हतं. त्यांनी ती माझ्या सरबतात मिसळली. गार आणि गोड सरबतात ती किती सहज उतरते, हे मला त्या दुपारी कळलं. पिंप तळापर्यंत गेलं.

मांडवात अक्का पांढरी साडी नेसून उन्हात ताटकळत बसली होती. का उशीर होतोय हे तिला कुणी सांगितलं नाही. शेवटी वऱ्हाड आलं, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. पाचवं शील आलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज मागून, जानोशातून आलेल्या पोरांचा होता. प्रल्हाद त्यांच्यात उभा होता, हात जोडून, झुलत. शब्द मात्र एकही चुकला नाही.

त्या दिवशी कुणी मेलं नाही. म्हणूनच ते चालू राहिलं. कुणी मेलं असतं तर गाव थांबलं असतं, पोलीस आले असते, आबांनी डोकं आपटलं असतं. प्रल्हादनं फक्त उलटी केली, त्याला ताक पाजलं, आणि तात्या कौतुकानं म्हणाले, पोरगं तयार झालं. पुढच्या लग्नात आणायला त्यालाच पाठवलं. त्याच्या पुढच्याही. त्यांच्या भावकीत प्रल्हादचा पहिला घोट हा मान झाला. विज्ञान राहिलं, बारावी राहिली. लगीनसराईपुरती होती ती वर्षभर झाली. पस्तिशीच्या आत, नांदेडच्या दवाखान्यात, पोट फुगून तो गेला. शेवटचे महिने अक्कानं त्याला लेकरासारखं भरवलं. तो मला ओळखायचा आणि ओळखून हसायचा. सरबतवाले आले, म्हणायचा. त्याच्या बोलण्यात राग नसायचा. तेच मला सोसायचं नाही. माती झाल्यावर तात्या सगळ्यांना सांगत होते, पोरगं मनानं लई मोकळं होतं.

आणि अक्का? सासरी तिचं नावच पडलं होतं, सरबतवाल्याची बहीण. प्रत्येक सणाला, प्रत्येक भांडणात. भावजी चांगले होते, पण ते बोलायचे नाहीत. दीर प्यायला लागला तेव्हा लोक म्हणाले, हिच्या भावानं चांगला माल आणला असता तर पोरगं भट्टीवर गेलंच नसतं. मी हे कितीदा ऐकलं. उलटसुलट करून पाहिलं. माझ्या वाट्याचा घोट त्याच्या वाट्याला गेला, हे खरंच आहे. मी नाही म्हणालो आणि किंमत दुसऱ्या दोघांनी भरली. हे ओझं घेऊन मी पंचशील म्हणत आलोय. पण तरीही, इतक्या वर्षांत, एकदाही मला असं वाटलं नाही की त्या दुकानात मी पिशवी भरायला हवी होती. ज्यांना हे हेकट वाटतं त्यांना वाटो. अपराधी वाटणं वेगळं आणि चूक कबूल करणं वेगळं. मला पहिलं रोज वाटतं. दुसरं मी करणार नाही.

पण आता लेकीचं लग्न होतं, आणि बायकोचा प्रश्न तसाच दारात उभा होता. मी लातूरला अक्काकडं गेलो. आता पाट्यांखालून जुनी अक्षरं दिसत नाहीत. नवा जिल्हा जुना झाला. जिथं घागरी असायच्या तिथं पाण्याच्या जारची दुकानं आहेत आणि तीन दुकानं सोडून परमिट रूम, बाहेर क्लासच्या पोरांच्या मोटारसायकली. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. व्याह्यांचा फोन, घरातलं बोलणं. मग म्हणालो, अक्का, तूच सांग. तू भोगलंयस. करून टाकू का सोय?

ती शेंगा फोडत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा शिव्या घालेल. दोन्हीची मी तयारी ठेवली होती.

"ओतली तात्यानं," ती म्हणाली. "वाट दावली आपल्या आबानं. पिला प्रल्हाद. अन् इतकी वर्षं झुरून राहिला तू. आरं, तुझा नंबर लई खाली हाय त्यात."

मी म्हणालो, पण तुला...

"मला बोलले ते. त्यांची तोंडं." तिनं टरफलं झटकली. "तुझ्यावर माझा राग हाय, पण त्याच्यासाठी न्हाई. तू आणणार न्हाईस हे तू मला सांगितलं न्हाईस. मी तिथं येड्यावाणी उन्हात बसले. लग्न कुनाचं व्हतं? माझं. मला सांगितलं असतंस, तर मी उठले असते मांडवातून. जाऊन उभी राहिले असते जानोशात, त्या नेसल्या साडीवर. मग बघितलं असतं कोन पाजतंय त्या लेकराला."

तीस-पस्तीस वर्षं मी अक्काला माझ्या नकाराची बळी समजत आलो होतो. तिच्यासाठी वाईट वाटून घेत आलो होतो. आणि ती तिथंच, ओसरीवर, माझ्यापेक्षा मोठा नकार घेऊन बसलेली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सोय ठरवली पुरुषांनी, मोडली पुरुषांनी, आणि नवरीला फक्त ताटकळायला ठेवलं. माझा धीटपणा एवढाच होता, की मी एकट्यानं नाही म्हणालो आणि प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मान वळवली. चुकलो असेन तर तिथं. दुकानात नाही.

"तुझ्या पोरीला सांगितलंस का?" तिनं विचारलं.

नव्हतं सांगितलं.

"मंग इथं काय करून राहिला? शेंगा घेऊन जा तिला."

परतीच्या एसटीत मांडीवर शेंगांची पिशवी होती. बाहेर पळसाची पानं उन्हात चामड्यासारखी दिसत होती. अहमदपूरला गाडी थांबली. नवा बाजार, नवी दुकानं. बर्फाचा डेपो कुठं होता ते मला ओळखू आलं नाही. दोन पोरं गाडीत चढली, सतराची असतील नसतील, शर्टांवर गुलाल, तोंडाला तो वास. कंडक्टर त्यांना म्हणाला, बसा गुमान, उलटी आली तर आधी सांगा. सगळी गाडी हसली. मी हसलो नाही. मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि विचारलं, कुणी पाजली. ती गोंधळली. आजवर त्यांना किती प्यायली एवढंच कुणी विचारलं असेल. एकजण म्हणाला, "मामानं. का?" मी म्हणालो, मामाला सांगा, नांदेडचा एक मास्तर विचारत होता. ती पोरं मला वेडा समजली. समजू देत. इथून पुढं मी हेच विचारणार आहे, प्रत्येक लग्नात.

घरी आलो तेव्हा प्रज्ञा ड्यूटीवरून आली होती. तिच्यासमोर शेंगा ठेवल्या आणि सगळं सांगितलं. जानोसा, पिंप, घोट, प्रल्हाद, आत्याचा राग. बायको मध्ये बोलायला आली आणि थांबली. प्रज्ञानं एकदाच विचारलं, की प्रल्हादकाकांचं वय तेव्हा नेमकं किती होतं. सोळा म्हणालो. ती म्हणाली, परवा आमच्या वॉर्डात वरातीतला आला तो पंधराचा होता. मग तिनं फोन उचलला आणि होणाऱ्या नवऱ्याला लावला. आमच्यासमोरच.

तिनं सांगितलं की सोय नाही. चहा असेल, जेवण असेल. तिकडून तो काहीतरी म्हणत होता. आपले मित्र सगळे पंचविशीच्या पुढचे आहेत, कायद्यानंही चालतं, वडील भावकीत काय तोंड दाखवतील, असं काहीबाही. वाईट मुलगा नव्हता. भांबावला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही प्या. पण मग मांडवात चारच शीलं म्हणा, पाचवं म्हणू नका. पाचवं खोटं म्हटलं तर चौथंही मोडतं. खोटं न बोलायचं चौथं आहे."

पलीकडून फोन ठेवला गेला. बायको पदर तोंडाला लावून खुर्चीवर बसली. मला वाटलं, मोडलं. आणि खरं सांगतो, भीती वाटली, पण त्या दुपारसारखी लाज वाटली नाही. जिचं लग्न तीच बोलत होती. या वेळी कुणीही उन्हात ताटकळत बसलेलं नव्हतं.

दोन दिवस कुणाचाच फोन आला नाही. भावकीतून निरोप आले, अर्धं वऱ्हाड येणार नाही म्हणून. न येवो. अर्ध्या वऱ्हाडाला जेवण कमी लागतं. बायको माझ्याशी बोलत नव्हती, मात्र तिनं लेकीच्या पांढऱ्या साडीला फॉल लावायला घेतला, याच्यावरून मी काय ते समजलो.

तिसऱ्या दिवशी व्याह्यांचाच फोन आला. आवाजात गोडवा जरा कमी होता. म्हणाले, पोरगा हट्टाला पेटलाय, म्हणतोय पाचही म्हणणार. आमची माणसं नाराज हायत, त्यांना मी काय सांगू ते माझं मी बघतो. लग्न होणार, ते काय मोडून राहिलो न्हाई. मग जरा थांबून म्हणाले, "पण सर, राग नका मानू. पोरगी तुमची लई तोंडाळ हाय."

"हाव," मी म्हणालो. "आत्यावर गेलीय."